गोळी चालू आहे

९ जानेवारी

ताई,

काल मावशी आमच्या रफूच्या दुकानात आली. कोटाचं अस्तर सुटलंय असं निमित्त काढून आली होती, पण अस्तर ठणठणीत होतं. आली ती तुझा निरोप पोचवायला. "तिला विचार, ती मलेरियाची गोळी अजून घेते का. घेत असेल तर म्हणावं, डोळे गेल्यावर मला बोलवू नकोस." मावशीने तुझा आवाजसुद्धा काढून दाखवला. इस्त्रीवर उभी असलेली आमची बाई एवढी हसली की एका शर्टाची कॉलर करपता करपता राहिली.

तीन वर्षांनी तुला माझी आठवण आली, ती मावशीच्या तोंडून. म्हणून उत्तर लेखी देते. फोन केला तर पहिल्या वाक्याला तू "हे बघ" म्हणून मध्येच तोडशील. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. आई गेल्यापासून तुझ्यासमोर माझं एकही वाक्य पूर्ण झालेलं नाही, ही वाक्यं तरी पूर्ण होऊ देत.

तर ऐक. हो, घेते. रोज सकाळी खाऊन झालं की घेते. गोळी चालू आहे आणि चालू राहणार आहे.

तू शस्त्रक्रियेच्या खोलीतली नर्स. तुला मी काय शिकवणार? पण तुझ्या खोलीत माणूस येतो, चार तासांनी बाहेर जातो. माझ्यासारखं वर्षानुवर्षं घरात मुक्कामाला आलेलं दुखणं तुझ्या खोलीत येत नाही. म्हणून तू त्याला अजूनही "ते चेहऱ्यावरचे चट्टे" म्हणतेस. त्याला नाव आहे, ल्युपस. मी ते माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलंय. लोकरीला कसर लागते ती बाहेरून. इथे कापड स्वतःच स्वतःचे धागे उसवत बसतं. आज सांधे, उद्या कातडी, परवा मूत्रपिंडं. ही गोळी ते उसवणं आवरते. बरं करत नाही, आवरते. मलेरियासाठी निघाली म्हणून तिने जन्मभर डासांच्याच मागे धावावं असं कुठे आहे? माझ्या डॉक्टरबाई म्हणतात, नोकरी बदलून जास्त चांगलं काम करणारी माणसं असतात, तशी ही गोळी.

डोळ्यांचं म्हणशील तर पुढच्या महिन्यात तपासणी आहे. निकाल काहीही लागला तरी कळवीन, लपवणार नाही.

बाकी बरं आहे. इस्त्रीच्या वाफेचा वास हल्ली सहन होत नाही, म्हणून मालकांनी माझं टेबल खिडकीपाशी हलवलंय, ऊन येत नाही त्या बाजूच्या.

तुझी
धाकटी

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत वर्तमानपत्राचं कात्रण, "मलेरियाच्या गोळीने दृष्टी गेली", आणि खाली लाल पेनाने एक रेघ. सोबत पत्र नाही. तुझ्या तीन वर्षांच्या मौनाला एका लाल रेघेची जोड मिळाली, एवढीच प्रगती.

कात्रण नीट वाचलं. तूही नीट वाचलं असतंस तर तिसऱ्या परिच्छेदात दिसलं असतं की त्या माणसाने सतरा वर्षं दुप्पट मात्रा घेतली आणि एकदाही डोळे दाखवले नाहीत. गोळीने काम केलं ते केलंच, पण माणसांनीही कामात कसूर केली.

माझी तपासणी परवा झाली. सगळं सांगते, म्हणजे पुन्हा कात्रणं पाठवायचे कष्ट नकोत. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र असतं, त्यात हनुवटी टेकवायची. एका डोळ्यावर पट्टी. मधल्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. काही दिवे इतके मंद असतात की दिसला की भास झाला तेच कळत नाही. दहा मिनिटं मी श्वास धरून बसले होते. मी रफू करणारी बाई आहे, ताई. काळ्या सुटातल्या काळ्या धाग्यात काळा धागा ओवून लोकांना फाटलं होतं हे विसरायला लावते. डोळे गेले तर माझ्या हातांना कोण विचारणार? तेव्हा तू भीतीचं दुकान माझ्यासाठी उघडलं नाहीस, ते माझ्याकडे आधीपासून आहे.

मग डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. आतले थर दिसतात, एकावर एक रचलेल्या चादरींसारखे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, बिघडायला लागलं की पहिल्यांदा कुठे विरतं ते. माझं विरलेलं नाही. नऊ वर्षं झाली, दोन्ही डोळे शाबूत. तरी दर वर्षी यायचं, एकही वर्ष चुकवायचं नाही, कारण तिथे एकदा विरलं की ते भरून येत नाही. आमच्यासारखं रफू त्यांच्याकडे नाही.

मात्रा वजनावर असते. माझं बावन्न किलो. रोज एक गोळी, बुधवारी आणि रविवारी दोन. याहून एक कण जास्त नाही. पूर्वीचे डॉक्टर सगळ्यांना सरसकट रोज दोन देत, त्यांची काय कथा झाली ते तुझ्या कात्रणात आहे. मौनीबाबाने स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावलाय. (माझ्या नवऱ्याला हे नाव तूच ठेवलं होतंस, आठवतं ना? अजूनही तसाच आहे. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यांत काम करून येतो आणि तक्त्यावर खूण करतो. खूण नसली तर बोलत नाही, नुसता माझ्यासमोर येऊन उभा राहतो.)

बावन्न हे मागच्या महिन्यातलं वजन. आता चोपन्न आहे, आणि वाढणार आहे. त्या वाढीव किलोंसाठी मात्रा वाढवायची नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

कळलं ना? चौदावा आठवडा आहे.

हे पत्र चुरगळू नकोस. मावशीला माहीत नाही, तुला आधी सांगतेय. आणि विचारत नाहीये, सांगतेय. पोटात बाळ आहे आणि गोळी चालू आहे. दोन्ही एकदम. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून समजावलं की या आजारात बाळ असताना गोळी सोडण्यात धोका आहे, घेण्यात नाही. माझ्या रक्तात असं काहीतरी आहे की ते बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करू शकतं. गोळी तो धोका कमी करते. म्हणून दर पंधरा दिवसांनी बाळाचे ठोके बघायचे. काल पहिल्यांदा ऐकले. कोणीतरी घाईने जिना चढतंय असे वाजतात.

तू आता खुर्चीत सरसावून बसली असशील. बस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

धाकटी

३० मार्च

ताई,

नव्या तापाने तुझ्याकडे काय चाललंय ते बातम्यांत बघते. तुमच्या हॉस्पिटलच्या फाटकाचा फोटो आला होता. सगळ्या नखशिखांत झाकलेल्या, त्यातली तू कोणती ते ओळखू आलं नाही. सांभाळून राहा. एवढं लिहिलं म्हणजे भांडण मिटलं असं समजू नकोस.

इकडे दुसरंच संकट आहे. कोणीतरी टीव्हीवर सांगितलं की या तापाला मलेरियाची गोळी चालते. झालं. जी गोळी कालपर्यंत बाळाला विष, डोळ्यांना विष, ती आज रातोरात अमृत झाली. माझ्याकडे बारा उरल्या होत्या. मी नेहमीच्या औषधांच्या दुकानात गेले. बाहेर रांग, एकेक हात अंतरावर आखलेले खडूचे गोल. माझ्यापुढे एक सद्गृहस्थ, चांगला कपडा अंगावर. कोपराला वीण सुटली होती हे माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय राहिलं नाही. त्यांनी दहा पाकिटं मागितली.

मी विचारलं, "कोणाला काय झालंय?"

"कुणाला काही नाही. होऊ नये म्हणून. घरात सहा माणसं आहेत."

"सहाही माणसांना डॉक्टरांनी लिहून दिलीय?"

"बाई, अशा वेळी कोण लिहून देतं? तुम्हीही त्यासाठीच उभ्या आहात ना?"

"मी नऊ वर्षं उभी आहे," मी म्हटलं. "तुमच्या घरात म्हातारं कोणी आहे? हृदयाच्या गोळ्या चालू असलेलं?"

"वडील आहेत."

"त्यांना ही देण्याआधी ईसीजी काढा. काही हृदयांना ही चालत नाही, ठोक्यांची लय बिघडते. खडीसाखर नाहीये ती."

त्यांनी एकदा पाकिटांकडे बघितलं. मला वाटलं, निदान अर्धी परत ठेवतील. त्यांनी दहाही पिशवीत घातली आणि म्हणाले, "वडिलांना नाही देणार." गेले. औषधवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "संपल्या," म्हणाले. "परवाचं काही सांगता येत नाही. वरूनच माल नाही."

नऊ वर्षांचं माझं गिऱ्हाईकपण त्यांनी दहा मिनिटांत विकलं. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. रांगेतल्या माझ्या मागच्या बाईने "काय भांडखोर बाई आहे" म्हटलं, तेही ऐकलं. मग मी पोटावर हात ठेवून तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "हो. आहे."

चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी तेच.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, ही गोळी शरीरात बरेच आठवडे रेंगाळते, दोन दिवस चुकले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण स्वतःच्या मनाने कमी करू नका, मी शोधते. त्यांच्याकडे माझ्यासारख्या साठ-सत्तर बाया आहेत, सगळ्या फोन करताहेत. त्यांचा आवाज थकलेला होता.

आज विसावा आठवडा लागला. तुला हा आठवडा माहीत आहे. मागच्या वेळी याच आठवड्यात माझे पाय सुजून खांबासारखे झाले होते, लघवीतून प्रथिनं वाहत होती आणि रक्तदाब कोणाचं ऐकत नव्हता. तीन महिने गोळी बंद होती तेव्हा. पुढचं लिहीत नाही. तू तिथे होतीस.

बारा गोळ्या. बुधवार-रविवार धरले तर नऊ दिवस.

धाकटी

१९ एप्रिल

ताई,

तुझं पार्सल परवा आलं. मौनीबाबाने ते दारातच जंतुनाशक लावून पुसलं, दिवसभर उन्हात ठेवलं आणि मग कात्रीने उघडलं. आत बुटांच्या खोक्यात कापूस आणि कापसात गोळ्या. एक्केचाळीस. काही अख्ख्या पट्ट्या, काही कापलेल्या, प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदी पुडीत. पुड्यांवर नावं होती, ती कोणीतरी गिरवून गिरवून खोडली होती. तरी दोन मला वाचता आली. तुझ्या शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या नर्स मुली.

तुमच्या हॉस्पिटलने नर्सांना ताप होऊ नये म्हणून दिलेल्या या गोळ्या, हो ना? तू घरोघरी, म्हणजे वॉर्डावॉर्डात हात पसरलास. तू, जी साधं मीठ मागायला कधी शेजारी गेली नाहीस.

आणि चिठ्ठी नाही. खोकं उलटं केलं, कापूस पिंजून काढला. एक ओळही नाही.

मी खाली बसून रडले आणि मग मला इतका राग आला की सांगू नये. तीन वर्षं त्या गोळीला शिव्या देणारी तू, मला महिनाभर पुरेल असं काही पाठवतेस आणि तोंड उघडत नाहीस? तुला काय वाटलं, मी गोळ्यांसकट माफी गिळून टाकीन?

फोटो काढून डॉक्टरबाईंना पाठवले. त्यांनी तारखा तपासल्या, प्रत्येक पट्टीवरचं नाव आणि मात्रा वाचून घेतली. असं एकमेकींच्या गोळ्या देणं-घेणं बरोबर नाही असं आधी बजावलं आणि मग म्हणाल्या, "सीलबंद आहेत त्या घ्या. बहिणीला माझा नमस्कार सांगा." तुकडे कापताना ज्यांचं कवच फाटलं होतं अशा चार बाजूला काढायला लावल्या. बाकी घेते आहे. परवापासून खंड नाही. त्याआधी आठ दिवस पडला होता, तेही सांगून टाकते.

आभार मानत नाही. एवढंच विचारते. तू तुझ्या वाट्याच्या स्वतः घेतल्यास की त्याही यात आहेत? सरळ उत्तर दे.

बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. लघवी स्वच्छ आहे. बाविसावा आठवडा चालू आहे, आणि मागच्या वेळी इथवर मी पोचलेच नव्हते.

धाकटी

११ जून

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तुझं अक्षर किती वाकडं झालंय, हातमोजे घालून लिहिलंस का? "माझा ईसीजी बरा नाही आला, मला गोळी दिलीच नाही. मुलींच्या घेतल्या. त्यांनाही घ्यायची नव्हती. जेवण वेळेवर कर." संपलं पत्र. ईसीजी बरा नाही आला म्हणजे काय, ते एका शब्दाने नाही. तू स्वतःचं दुखणं असं सांगतेस, जसं कोणी बस चुकली म्हणून सांगतं. नीट दाखवून घे आणि मला कळव. हा हुकूम आहे. धाकटीचा असला म्हणून काय झालं?

आता त्या गोळीने तो ताप अडत नाही, असंही मोठमोठ्या अभ्यासांनी सांगितलंय म्हणे. दुकानांत मेपासूनच पुन्हा मिळायला लागली. औषधवाल्या काकांनी काल दोन पाकिटं माझं नाव घालून ठेवली होती. मी घेतली, पण गोड बोलले नाही.

आज एक गोष्ट लिहायची आहे. तीन वर्षं ती मी कोणाला सांगितलेली नाही, मौनीबाबालासुद्धा नाही. आता मात्र मागे फिरणार नाही.

तेव्हा तू सुट्टी काढून माझ्याकडे आली होतीस. मला दिवस गेल्याचं कळून जेमतेम आठवडा झाला होता. तू गोळीच्या खोक्यातला तो लांबलचक कागद उलगडून जेवणाच्या टेबलावर पसरलास आणि म्हणालीस, "मलेरियाचं औषध पोटुशी बाईने घ्यायचं? अक्कल आहे का कोणाला? आजपासून बंद." मी मान डोलवली. सगळ्यांनी पाहिलं. नंतर जे झालं ते झाल्यावर सगळ्यांनी ठरवलं की ताईच्या सांगण्यावरून तिने गोळी सोडली. मीही तेच म्हणत आले. मनात म्हटलं, लोकांत म्हटलं, डॉक्टरबाईंपुढेही म्हटलं.

ताई, तू टेबलावर कागद पसरलास तेव्हा मी गोळी घेणं बंद करून तीन दिवस झाले होते.

मला कंटाळा आला होता. सहा वर्षं रोज तोंडात ती कडू चव घेऊन दिवस सुरू करायचा. मला एकदा तरी निरोगी बाईसारखी आई व्हायचं होतं. कपाटात औषध नसलेली. गोळी न घेता सकाळ गेली, दुसरी गेली, काही झालं नाही, तेव्हा मला शाळा बुडवल्यासारखा आनंद झाला होता. मग तू आलीस आणि मला हवं होतं तेच मोठ्या आवाजात म्हणालीस. मी कोणालाही फोन करून विचारू शकत होते. विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला ठाऊक होतं.

हे लिहिताना मी मान खाली घातलेली नाही. खरं आहे म्हणून लिहिलं.

पण यामुळे तुझा सगळा हिशेब साफ होतो असं धरू नकोस. गोळीचं ओझं तुझ्या एकटीचं नव्हतं, मान्य. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशीशी तू जे बोललीस ते तुझं एकटीचंच. "हिने मूल होऊ द्यायलाच नको होतं." दार उघडं होतं. मी जागी होते. मला भूल दिलेली नव्हती, फक्त डोळे मिटलेले होते. तीन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही ते गोळीसाठी नाही, त्या वाक्यासाठी.

तिसावा आठवडा. बाळ रात्रंदिवस लाथा मारतं. माझ्यावर गेलंय.

धाकटी

६ ऑगस्ट

ताई,

मुलगी झाली. दोन किलो चारशे. परवा सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. हृदय उत्तम, ठोके उत्तम, आवाज तर विचारू नकोस. मौनीबाबा तिला हातात घेऊन तब्बल अकरा वाक्यं बोलला. नर्सने मोजली.

आदल्या दिवशी मी दाखल झाले तेव्हा एक भांडण झालं, ते तुझ्या कामाचं म्हणून लिहिते. वॉर्डातला तरुण डॉक्टर माझा कागद बघत आला आणि गोळीच्या नावावर त्याने काट मारली.

"तुम्हाला मलेरिया नाही ना?"

"नाही."

"मग ही कशाला? बंद करू. बाळंतपणाच्या वेळी उगाच नको."

माझ्या कळा नुकत्या सुरू झाल्या होत्या. एक कळ जाऊ दिली आणि म्हटलं, "डॉक्टर, कागदाचं दुसरं पान उलटा. आजाराचं नाव तिथे आहे. मग माझ्या डॉक्टरबाईंना फोन लावा, नंबर वरच्या कोपऱ्यात आहे. तोवर ती काट खोडा."

"मॅडम, आता तुम्ही शांत पडा."

"मी शांतच आहे. काट खोडा."

त्याने पान उलटलं, वाचलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. पोरगा वाईट नव्हता. बाहेर जाऊन फोन केला, परत आला, गोळीचं नाव पुन्हा नव्याने लिहिलं आणि पुढे सही केली. जाताना म्हणाला, "सॉरी, मला हे माहीत नव्हतं." बघ, किती सोपं असतं. पाच शब्द लागतात.

मागच्या वेळी असं कोणी "बंद" म्हटलं तेव्हा मी मान डोलवली होती. या वेळी हलवली नाही.

मावशी कळवते, तू रजा मागितली आहेस. मी बोलावलेलं नाही. यायचं तर ये. पण माझ्या औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही.

धाकटी

२० सप्टेंबर

ताई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, कारण तू आतल्या खोलीत झोपली आहेस. दुपारचे तीन वाजलेत. बाळ तुझ्या कुशीत आणि तुझं घोरणं इथवर ऐकू येतंय. उठलीस की चहाच्या कपाखाली हे मिळेल. समोरासमोर बोलायला गेले तर तू पुन्हा "हे बघ" म्हणशील, म्हणून जुनाच रस्ता धरला.

तू येऊन चार दिवस झाले. आल्या आल्या त्या व्हरांड्यातल्या वाक्याबद्दल बोललीस. बुटांचे बंद सोडतानाच बोललीस, वर न बघता. "मी घाबरले होते. आई गेली, वाटलं आता तूही जातेस. ते तोंडातून निघून गेलं, आणि तू ऐकलंस हे मला जूनपर्यंत माहीत नव्हतं." तू वाट बघितलीस आणि मग हात धुवायला गेलीस. मला अजूनही काय म्हणायचं ते कळलेलं नाही. वेळ लागेल. लागू दे.

पण हे पत्र आज सकाळच्या गोष्टीसाठी आहे.

मावशी आली, बाळाला मांडीवर घेतलं आणि माझ्या हातात गोळी बघून तिचं सुरू झालं. "अगं, अंगावर पाजतेस आणि वर ही घेतेस?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तू बोललीस. "दुधात उतरते ती अगदी नगण्य, मावशी. बाळाला काही होत नाही. मी विचारून आलेय, वाचूनही आलेय." माझा पेला हातातच राहिला. तू, वाचून?

मावशी ती मावशीच. म्हणाली, "तूच ना गं तेव्हा बंद करायला लावलीस? तुझ्याच सांगण्यावरून सोडली बिचारीने, आणि मग..."

मौनीबाबाने सुद्धा वर बघितलं. तुझ्या पर्समध्ये माझं जूनचं पत्र आहे, काल चष्मा शोधताना मी ते बघितलं. घड्यांवर विरेपर्यंत वाचलेलं. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मावशी, तिने माझ्या आधीच सोडली होती. एका वाक्यात तू मोकळी झाली असतीस.

तू म्हणालीस, "हो. मीच लावली. न वाचता बोलले होते. चूक माझी."

आणि उठून बाळाचे कपडे वाळत घालायला गेलीस.

ताई, हे मला चालणार नाही. लहानपणी मी फोडलेल्या काचेचा मार तू खाल्लास, तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला ते छान वाटलं होतं. आता मी एका मुलीची आई आहे. तीन वर्षं तुझ्या खांद्यावर ते लोटून मी सुखाने रागावत राहिले, ते पुरे झालं. अर्धी चूक तुझी आहे, ती तुझ्याकडे ठेव. मी ती माफ करेन की नाही ते माझं मी बघेन. पण उरलेली अर्धी माझी आहे, ती मला परत हवी.

मावशी संध्याकाळी सहाला पुन्हा येणार आहे, बाळाला अंघोळ घालायला. तेव्हा मी तिला सगळं सांगणार आहे, तीन दिवसांसकट. मौनीबाबाला आत्ताच, तू झोपलेली असताना सांगितलं. तो बराच वेळ माझ्या हातावर हात ठेवून बसला आणि मग तक्त्यावर आजची खूण करून कामावर गेला.

संध्याकाळी मी बोलत असताना तू मध्ये पडायचं नाही. मोठी असलीस तरी. बाळाला घे आणि माझ्या शेजारी बसून राहा.

धाकटी